डॉल्फिन जाळ्यात मरतच नाही, असे सांगणाऱ्या संदेशाबद्दल

मालवणजवळ गिलनेटची (पाण्यात पडद्यासारखे उभे राहणारे जाळे) छोटी होडी चालवणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या आठवड्यात मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली लिहिले, "तुझ्या त्या मैत्रिणीक सांग, आता हंय येव नको." ही मैत्रीण मासेमारीच्या जाळ्यांत अपघाताने अडकणाऱ्या सागरी सस्तन प्राण्यांवर पीएचडी करते आणि तिची मामांशी गाठ मीच घालून दिली होती.

संदेश थोडक्यात असा: डॉल्फिन पाण्यातच राहतो, त्यामुळे तो जाळ्यात बुडून मरणे शक्य नाही, किनाऱ्याला लागतात ते प्रदूषणाने मेलेले असतात, डॉल्फिन आपली मासळी फस्त करतात, पीएचडीवाले होड्यांचे नंबर गोळा करून वनखात्याला देतात, आणि आपली मासेमारी बंद पाडण्याचा हा डाव अमेरिकेच्या पैशावर चालतो. शेवटी अर्थातच 'प्रत्येक मच्छीमार बांधवापर्यंत पोहोचवा' अशी विनंती आहे.

पहिला मुद्दा शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकानेच निकालात निघायला हवा होता. डॉल्फिन, म्हणजे आपल्याकडचा गादा, हा मासा नाही. त्याला कल्ले नसतात, फुप्फुसे असतात आणि श्वासासाठी त्याला दर काही मिनिटांनी पाण्यावर यावेच लागते. बारीक नायलॉनच्या जाळ्यात शेपूट किंवा पर अडकला आणि वर येता आले नाही, तर तो श्वास रोखून धरतो आणि अखेर गुदमरतो. तो हुशार आहे, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो, हे खरे. पण पातळ नायलॉनवरून परतणारा प्रतिध्वनी क्षीण असतो, आणि जाळ्यात फडफडणाऱ्या माशामागे लागलेल्या जनावराचे लक्षही त्या माशाकडेच असते. हे मामांना मी सांगावे यात गंमतच आहे, कारण श्वास घ्यायला वर येणारा गादा मला लहानपणी त्यांनीच बोट करून दाखवला होता.

प्रदूषणाने सागरी प्राण्यांना अपाय होतो, याबद्दल वाद नाही. परंतु वाहून आलेल्या ज्या कलेवराच्या चोचीवर आणि परांवर जाळ्याच्या धाग्याचे वळ असतात आणि पोटात नुकतेच खाल्लेले मासे असतात, ते दीर्घ आजाराने मेलेल्या प्राण्याचे आहे असे म्हणणे अवघड आहे.

मासळी फस्त करण्याच्या आरोपात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. डॉल्फिन जाळ्यातले मासे ओढतात, जाळी फाडतात आणि तो भुर्दंड छोट्या मच्छीमारालाच बसतो. मात्र समुद्रातली मासळी का घटली, असे मामांना एरवी विचारले तर ते पर्ससीन (अख्खा थवा वेढणारे मोठे जाळे) आणि मासे खेचणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीचे नाव घेतात. गाद्याचे नाव या संदेशाआधी त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते.

खरा घातक मुद्दा होड्यांच्या नंबरांचा आहे. डॉल्फिन हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या, अनुसूचीतला प्राणी आहे, त्यामुळे तो जाळ्यात मेलेला सापडला की खलाशाच्या पोटात गोळा येतो, आणि ही भीती मला हास्यास्पद वाटत नाही. पण महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०१८ पासून, जाळे कापून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना सुरू केली, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळली आहे. ती रक्कम प्रत्येक जाळ्याला पुरेलच असे नाही. तरीही जाळ्यात अपघाताने आलेला प्राणी हा शासनाच्याच लेखी निव्वळ गुन्हा नाही, एवढे त्यावरून नक्की ठरते. भीतीपोटी लोक कलेवर गुपचूप समुद्रात सोडून देतील आणि विचारणाऱ्याला 'आमच्याकडे असले काही होत नाही' म्हणतील, एवढेच या संदेशाने साधेल.

आणि तसे झाले तर तोटा कोणाचा? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिंदी महासागरातल्या कुप्याच्या (ट्यूना माशाच्या) गिलनेटमध्ये १९५० ते २०१८ या काळात सुमारे ४१ लाख डॉल्फिनवर्गीय प्राणी सापडले असावेत, असा अंदाज मांडला. सर्वाधिक वाटा असलेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचे नाव येते. एवढ्या मोठ्या महासागराचा हा आकडा ऑस्ट्रेलिया, श्रीलंका, भारत आणि पाकिस्तान इथल्या, १९८१ ते २०१६ दरम्यानच्या अवघ्या १० नमुना-पाहण्यांवर उभा आहे. संशोधकांनी हाताशी होते तेवढ्यावरून हिशेब केला, त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या किनाऱ्याने स्वतःचे आकडे दिले नाहीत, तर दुसरीकडच्या जाळ्यांवरून काढलेले प्रमाण आपल्या माथी बसते, आणि ते कमी आहे की जास्त हे सांगण्याचे साधन आपल्याकडे उरत नाही.

अमेरिकेचा मुद्दाही इथेच येऊन मिळतो. तिथला सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा १९७२ चा आहे. त्याखाली २०१६ साली केलेल्या नियमाने, निर्यात करणाऱ्या देशांनी अशा प्राण्यांच्या संरक्षणासाठी अमेरिकेशी तुल्य व्यवस्था दाखवावी असे ठरवले, आणि ती न दाखवणाऱ्या मासेमारीच्या मालावर १ जानेवारी २०२६ पासून बंदी लागू झाली. कोळंबीच्या जाळ्यांत कासवे अडकतात या कारणावरून आपल्या समुद्रातल्या कोळंबीला तिथले दार २०१९ मध्येच बंद झाले होते. तेव्हा दबाव आहे, आणि श्रीमंत देशाने गरीब होडीवाल्याला नियम शिकवावेत याची चीड मलाही येते. परंतु तो नियम पुरावा मागतो आणि पुरावा म्हणजे नोंदी. त्या करणाऱ्या मुलीला बंदरावरून हाकलून अमेरिकेला उत्तर कसे देणार, हे संदेशात कुठेही लिहिलेले नाही.

संशोधन म्हणजे बंदीच, हे गृहीतकही तपासून पाहावे. पाकिस्तानात कुप्याची जाळी पृष्ठभागाऐवजी दोन मीटर खाली लावून पाहिली आणि नोंदी खुद्द तांडेलांनी, म्हणजे होडीच्या प्रमुखांनी, ठेवल्या. डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण तीन चतुर्थांशांहून अधिक घटले. जाळ्यात मिळणाऱ्या कुप्यात लक्षणीय फरक पडला नाही. आपल्या सुरमईच्या जाळ्यांना हे जसेच्या तसे लागू होईल असे मी म्हणत नाही. ते करून पाहण्यासाठीच कोणीतरी पीएचडी करावी लागते.

हे सगळे मी मामांना फोनवर सांगितले. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले की गेल्या पाच वर्षांत त्यांच्या जाळ्यात तीन गादे आले, दोन मेलेले आणि एक सोडलेला, आणि हे त्यांना आजवर कोणी विचारलेच नव्हते. मैत्रिणीला हे सांगायला ते तयार आहेत, होडीचे नाव लिहायचे नाही या अटीवर. तिच्या प्रश्नावलीत होडीच्या नावाचा रकाना पहिल्यापासूनच नाही.