खुलासा: डॅन रीव्हज यांनी सुपर बोल जिंकला होता, तोही दोनदा

अमेरिकन फुटबॉलमधले खेळाडू आणि प्रशिक्षक डॅन रीव्हज यांच्याबद्दल ‘डॅन रीव्हज चार सुपर बोल (एनएफएल या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) हरले, एकही जिंकले नाहीत’ हा मजकूर फिरतो आहे. हा हिशेब फक्त मुख्य प्रशिक्षकपदाचा आहे. तेवढ्यापुरता तो बरोबर: डेन्व्हर संघासोबत तीन पराभव (३९-२०, ४२-१०, ५५-१०) आणि जानेवारी १९९९मध्ये अटलांटा संघासोबत, डेन्व्हरविरुद्धच, ३४-१९.

पण त्याआधीची डॅलस काउबॉइज या संघातली वर्षे गाळली जातात. १९६५मध्ये ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) निवड न होता रीव्हज तिथे आले आणि रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, झाले. १९६६मध्ये धावून ७५७ यार्ड, झेल घेऊन ५५७ यार्ड, एकूण १६ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण)! १९६८मध्ये गुडघा दुखावला आणि वेग गेला. १९७०पासून ते खेळाडू-प्रशिक्षक होते. चूक इथेच होते, कारण खेळाडूंच्या यादीत एक नोंद, प्रशिक्षकांच्या यादीत दुसरी, आणि मुख्य प्रशिक्षकांच्या तक्त्यात यातले काहीच नाही.

१६ जानेवारी १९७२ रोजी डॅलसने मायामीला २४-३ हरवले, तेव्हा ते या दुहेरी भूमिकेत होते. १५ जानेवारी १९७८ला डेन्व्हरवर २७-१० असा विजय मिळाला, तेव्हा सहायक प्रशिक्षक. तारखा जानेवारीच्या असल्या तरी हंगाम १९७१ आणि १९७७चे धरायचे. नाहीतर नोंदी जुळत नाहीत.

मुख्य प्रशिक्षक म्हणून नियमित हंगामात त्यांनी १९० सामने जिंकले. त्यांना ‘कधीच न जिंकलेला’ म्हणणे अन्यायाचे आहे.