आप्पांच्या तक्रारीला उत्तर: पाऊण तास नेट का बंद राहिलं

आप्पा, नमस्कार. तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत, "साधं नाव बदलायला आले आणि नेट बंद पाडून बसले. पाऊण तास गाठींच्या गाड्या गेटवर उभ्या. दुसरा माणूस सांगतो, चालू लाइनचं नाव बदलता येतं, यांना येत नाही. मुळात नाव बदलायची गरज काय होती? वरून १,८०० रुपये घेतले." शेवटी आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाचं नाव घालून त्याला शिकाऊ म्हटलंत.

गाड्या उभ्या राहिल्या हे खरं आहे आणि त्याला जबाबदार मी आहे. हंगामात, कपाशीची आवक जोरात असताना, सकाळी अकराला तुमच्या नेटच्या मशीनला, म्हणजे ज्या कॉम्प्युटरमधून ऑफिसचं सगळं नेट जातं त्याला, हात लावायला नको होता. फोनवर "दोन मिनिटांचं काम आहे" असं मीच म्हणालो होतो. मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल निघाल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही आणि तेव्हा वजनकाट्यावर रांग होती, हे मला माहीत असायला हवं होतं. पैसे त्याच संध्याकाळी परत केले आहेत.

पण कामाबद्दल जे लिहिलंय त्यातलं काही बरोबर आहे, काही नाही. धरणगाव, अमळनेर, चोपड्याकडे अशीच जुनी मशीन गेटवे, म्हणजे नेटचं दार, म्हणून लावलेली बरीच जिनिंग आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

मशीनमधल्या नेटवर्क कार्डाला सिस्टिम एक नाव देते. ते का बदललं ते आधी. मंगळवारी रात्री दुसऱ्या इंटरनेट लाइनसाठी आम्ही नवं कार्ड बसवलं. मशीन सुरू केलं तर जुन्या कार्डाचं नाव ईएनपी२एस० होतं ते ईएनपी३एस० झालं. ही नावं कार्ड बोर्डावर कुठल्या जागी आहे त्यावरून पडतात. नवं कार्ड शिरलं की या जागांचे (बसचे) आकडे सरकू शकतात आणि जुन्याचं नाव बदलतं. त्या रात्री आम्ही फायरवॉलमध्ये, म्हणजे कुठली ये-जा होऊ द्यायची त्या नियमांत, नवं नाव घातलं, गेटवेचा मार्ग (बाहेर जाणारं सगळं कुठे पाठवायचं ती ओळ) हाताने कमांड देऊन टाकला आणि नेट चालू करून निघालो. ते तात्पुरतं होतं. पुढच्या वेळी कुणी कार्ड घातलं की परत हेच. म्हणून कार्डाच्या मॅक पत्त्यावरून (प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक) कायमचं नाव द्यायचं ठरवलं: बाहेरच्या लाइनला 'बाहेर', वजनकाट्याच्या लाइनला 'काटा'. नाव पंधरा अक्षरांच्या आत बसावं लागतं, आणि उद्या दुसरा कुणी ते मशीन उघडेल त्याला बघताक्षणी कळावं.

आता चालू लाइनचं नाव. तुमच्या मशीनवर उबुंटू २०.०४ ही लिनक्स सिस्टिम आहे, तिचा कर्नल, म्हणजे गाभा, ५.४. या कर्नलमध्ये इंटरफेस (कार्डाची लाइन) चालू असताना नाव बदलायला गेलं की कर्नल सरळ नकार देतो, 'व्यस्त आहे' म्हणतो. एका खास प्रकारच्या आभासी कार्डाला २०१९ मध्ये सूट मिळाली होती, तुमचं कार्ड त्यात येत नाही. ही अट सगळ्यांसाठी काढली ती २०२२ च्या नोव्हेंबरमधल्या बदलाने, आणि तो २०२३ मध्ये आलेल्या ६.२ कर्नलपासून लागू झाला. त्यामागचं कारणही सांगण्यासारखं आहे. नेटकन्सोल नावाची सोय कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला पाठवते. ती कर्नलमध्येच बांधलेली असेल तर मशीन सुरू होतानाच इंटरफेस चालू करते, आणि मग नाव देणाऱ्या प्रोग्रॅमची पाळी येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. ती अडचण सोडवायला कर्नलवाल्यांनी बंदी उठवली. तेव्हा तुमच्या माहितीतला माणूस खोटं बोलला नाही, तो नव्या कर्नलबद्दल बोलला. आमच्या मुलाला येत नव्हतं असं नाही. तुमच्या कर्नलवर लाइन खाली घेतल्याशिवाय ते होतच नाही.

मग पाऊण तास का लागला? हे मी नेट बंद पडलं त्या रात्री बसून ओळीने लिहून काढलं. मुलाने इंटरफेस बंद केला, नाव बदललं, चालू केला. कार्डावरचा आयपी पत्ता जागेवर होता. पण इंटरफेस खाली गेला की त्याच्यातून जाणारे मार्ग कर्नल पुसून टाकतो. वर आला की शेजारचा, म्हणजे त्याच लाइनवरच्या मशीनांचा, मार्ग आपोआप येतो, गेटवेचा हाताने टाकलेला मार्ग येत नाही. आणि तो कुठल्या फाइलीत नव्हता, कारण मंगळवारी मीच घाईत लिहून ठेवला नाही. दुसरं म्हणजे फायरवॉलचे नियम. कर्नल आतून प्रत्येक इंटरफेसला क्रमांकाने ओळखतो, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो. पण आयपीटेबल्सचा, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलचा, नियम नावाची अक्षरं जुळवून बघतो. नियमात ईएनपी३एस० होतं आणि कार्ड झालं 'बाहेर', म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरांचं बाहेर जाणं थांबलं.

मुलाने शहाणपणाने जुनं नाव परत दिलं. नियम जुळले, तरी नेट आलं नाही, कारण मार्ग गेलेलाच होता. त्याला वाटलं कार्ड गेलं. त्याने केबल बदलली, पोर्ट बदललं, मशीन उघडलं. मी भुसावळला दुसऱ्या कामावर होतो. तुमचा फोन आला आणि पहिलाच शब्द "काय व्हयनं?" (काय झालं?) लाइनच बंद, म्हणून मला बाहेरून मशीनमध्ये शिरता येईना. शेवटी फोनवर त्याला मार्गांची यादी वाचायला लावली. गेटवेची ओळ नव्हती. ती घातली आणि मिनिटभरात तुमची बिलं निघायला लागली.

नव्या कर्नलवर चालू लाइनचं नाव बदललं असतं तर मार्ग राहिला असता, आणि जुनं नाव परत देताच सगळं सुरळीत झालं असतं. एवढा मुद्दा तुमच्या माणसाचा पक्का. फायरवॉल मात्र तिथेही अडलीच असती. म्हणून आम्ही आता कुठलंही नाव बदलण्याआधी ते नाव कुठे कुठे लिहिलंय ते शोधतो: फायरवॉलचे नियम, आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीची सेटिंग, कॅमेऱ्यांची स्क्रिप्ट. सगळीकडे आधी बदल तयार ठेवायचा, मग नावाला हात. आणि हाताने टाकलेली प्रत्येक ओळ त्याच दिवशी फाइलीत.

आप्पा, एक मागणं आहे. तक्रार राहू द्या, तारा वाढवू नका, पण मुलाचं नाव काढा. त्याने दिलेलं काम सांगितल्याप्रमाणे केलं, आणि घाबरून पळून न जाता चाळीस मिनिटं उघड्या मशीनसमोर बसून राहिला. त्याच्या हातात अर्धवट माहिती मी दिली होती. याच नावाने त्याला उद्या दुसरीकडे काम मागायचं आहे.

शनिवारी गाठींचा प्रेस बंद झाल्यावर आम्ही दोघं येतो. आधी पूर्ण बॅकअप घेऊ, मग उबुंटू २४.०४ टाकू, त्याचा कर्नल ६.८ आहे. नावं मॅक पत्त्याने बांधू, आणि कुठली केबल कुठल्या नावाची त्याचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवू. त्याचे पैसे घेणार नाही. काट्यावरच्या माणसाला तेवढं थांबायला सांगा, गाडीचं वजन घेऊन बिल निघालेलं बघूनच आम्ही निघू.