‘आयत्या बिळावरचा नागोबा’? नवीन पटनायकांवरच्या त्या मेसेजला उत्तर

ओडिशाचे माजी मुख्यमंत्री नवीन पटनायक यांच्यावरचा एक लांबलचक मेसेज सध्या व्हॉट्सअॅपवर फिरतोय. मथळा ‘आयत्या बिळावरचा नागोबा’. आरोप चार: गादी वडिलांकडून, बिजू पटनायकांकडून आयती मिळाली, वादळात लोकांना हलवणं हा देखावा होता, ओडिया बोलता येत नाही, राज्य अधिकाऱ्यांनी चालवलं. श्रीवर्धनच्या माझ्या मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि वर लिहिलं, ‘अगदी खरं. उगाच बाऊ करतात.’ ते वाचून गप्प बसवेना.

देखाव्याचा मुद्दा आधी घेते, कारण तो जिवावर बेतणारा आहे. मेसेज म्हणतो, 2013 चं फायलिन वादळ किनाऱ्यावर येईपर्यंत कमजोर पडलं, म्हणून माणसं वाचली. साफ खोटं. हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे 12 ऑक्टोबरला ते गोपाळपूरजवळ धडकलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात होता. याला कमजोर म्हणायचं? 1999 च्या महाचक्रीवादळात याच राज्यात सरकारी आकड्यानुसार जवळपास 10 हजार माणसं गेली होती. फायलिनमध्ये हा आकडा पन्नासच्या आत राहिला, कारण वादळ येण्याआधीच, ऐन दुर्गापूजेत अधिकाऱ्यांच्या रजा रद्द करून, सुमारे 10 लाख लोकांना हलवलं होतं. हे एका रात्रीत जमत नाही. किनाऱ्यालगत खांबांवर उभ्या केलेल्या निवारा इमारती, भरतीचं पाणी खालून निघून जावं म्हणून मोकळा ठेवलेला तळमजला, गावातल्याच माणसांच्या समित्या, दरवर्षीचा सराव. 2019 च्या फनीच्या वेळी सुमारे 12 लाख लोक हलवले. तेव्हाही 64 जणांचा जीव गेलाच, पण 1999 आठवून पाहा.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की ओडिशाचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण डिसेंबर 1999 मध्ये, म्हणजे काँग्रेसच्या काळात स्थापन झालं. पटनायक मुख्यमंत्री झाले मार्च 2000 मध्ये. पाया त्यांनी घातला नाही. पण 24 वर्षं ती यंत्रणा गंजू दिली नाही, याचं श्रेय त्यांच्याकडून कुणाला काढून घेता येणार नाही.

आणि मामा, 3 जून 2020 ला निसर्ग वादळ तुमच्याच भागात आलं होतं ना? सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, तुमच्या पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. त्या सकाळी शाळेत जायला तुम्ही तयार नव्हता. मामी हटून बसली म्हणून गेलात. हा मेसेज वाचून पुढच्या वेळी आळीतली चार घरं मागे राहिली तर त्याला जबाबदार कोण?

आता ‘आयतं’. बिजूबाबूंची सत्ता 1995 मध्येच गेली होती. 1997 मध्ये ते वारले तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं. गादी होतीच कुठे? अस्क्याची लोकसभा पोटनिवडणूक मुलाने वडिलांच्या नावावर जिंकली, हे खरं. ते आडनाव नसतं तर राजकारणात कधी न पडलेल्या, पन्नाशीच्या माणसाला तिकीट कुणी दिलं नसतं. पण 2009 मध्ये भाजपची साथ सुटल्यावर त्यांच्या पक्षाने, बीजेडीने (बिजू जनता दल), विधानसभेच्या 147 पैकी 103 जागा जिंकल्या. तोवर वडिलांना जाऊन 12 वर्षं झाली होती.

ओडियाचा आरोप बराचसा खरा आहे. रोमन लिपीत लिहून दिलेली ओडिया भाषणं ते वाचायचे. इतकी वर्षं राज्य केलेल्या माणसाला हे शोभत नाही. मला तरी ते कधीच पटलं नाही.

अधिकाऱ्यांच्या मुद्द्यावरही मी फार भांडणार नाही. पटनायकांचे खासगी सचिव व्ही. के. पांडियन यांनी 2023 मध्ये आयएएस सोडली आणि लगेच बीजेडीत आले. खरी सूत्रं त्यांच्याच हाती आहेत, हे विरोधकांनी 2024 च्या प्रचारात लावून धरलं. निकालात बीजेडी 51 वर आली, भाजप 78 वर गेला, आणि दोन मतदारसंघांतून उभे राहिलेले पटनायक हिंजिलीत निवडून आले तरी कांटाबांजीत पडले.