मॅडम, ते कार्टून नाही

आज शाळेत पालकसभा होती. भाचीचं प्रगतिपुस्तक सहीसाठी पुढे सरकवलं आणि मग मॅडमनी टेबलाच्या खणातून भाचीचं एक चित्रकथेचं पुस्तक काढलं. दोन बोटांत धरून माझ्यासमोर ठेवलं. "नववीत आहे ती. आता ही कार्टूनं बंद करा." मागे तीन पालक उभे होते. मी सही केली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि बाहेर पडले. तिथे तोंडातून शब्द फुटला नाही, म्हणून इथे लिहितेय.

तुम्हा बहुतेकांना ठाऊक आहे, ताईला जाऊन आता दीड वर्ष होईल. भाऊजींची फिरतीची नोकरी, म्हणून भाची नौपाड्यात आमच्याकडे असते. पहिले चार महिने शाळेतून आली की खोलीचं दार लावून बसायची. हाक मारली की जेवायला यायची, ताट संपवायची, स्वतःच घासून ठेवायची आणि परत दार बंद. रडली असती तर बरं वाटलं असतं.

वाढदिवसाला तिने हे पुस्तक मागितलं. नायिका रेव्हन. लेखक मार्व्ह वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी १९८० मध्ये 'टीन टायटन्स' या किशोरवयीन सुपरहिरोंच्या अमेरिकन कॉमिकसाठी घडवलेली, झगा घालणारी, सैतानाची मुलगी. २०१९ च्या या पुस्तकात मात्र ती १७ वर्षांची शाळकरी मुलगी आहे. तिला सांभाळणारी आई अपघातात जाते, तिची स्वतःची आठवणही जाते आणि ती न्यू ऑर्लिन्सला त्या आईच्या बहिणीकडे राहायला येते. म्हणजे मावशीकडेच ना! गणितं सोडवता येतात, पास्ता करता येतो, पण आपलं आवडतं गाणं कोणतं ते काही केल्या आठवत नाही.

त्या रात्री साडेअकराला खोलीचं दार उघडलं. मी सकाळच्या डब्यासाठी मेथी निवडत होते. पुस्तकात बोट घालून भाची समोर उभी. "मावशी, आईचं आवडतं गाणं कोणतं होतं गं?"

चार महिन्यांत तिच्या तोंडून 'आई' हा शब्द पहिल्यांदा आला होता. आणि मला उत्तर देता येईना. सख्खी बहीण, एका गादीवर झोपून वाढलो आणि मला आठवेना! सकाळी रत्नागिरीला आईला फोन लावला. आईने फोनवर दोन्ही कडवी म्हणून दाखवली, मध्ये दोनदा थांबून. भाचीने ती वहीच्या पानावर उतरवून घेतली.

कार्टून म्हणे! गाब्रिएल पिकोलो हा ब्राझीलचा चित्रकार. 'टीन टायटन्स'मधल्या पात्रांना घरच्या कपड्यांत, साध्या पोरांसारखं काढून तो चित्रं इंटरनेटवर टाकायचा. मुलांना ती इतकी आवडली की पुढे हे पुस्तकच त्याच्याकडे आलं. मुलांसाठीच्या याच मालिकेतल्या दुसऱ्या एका पुस्तकात वंडर वुमन १६ व्या वाढदिवशी निर्वासितांना वाचवायला जाते आणि स्वतःच निर्वासित होते. आणखी एकात, गोळी लागून व्हीलचेअरवर आलेली, बॅटमॅनच्या गोष्टींतली बार्बरा गॉर्डन पुस्तक संपेपर्यंत व्हीलचेअरवरच असते आणि तरीही गूढ तीच उकलते. यात बंद करण्यासारखं नेमकं काय आहे, मला कुणी सांगेल का?

आमचे हे म्हणतात, जुन्या पात्रांची मोडतोड करतात. थोडी करतात. काही पुस्तकांत नुसतीच शाळेतली प्रेमप्रकरणं असतात, हेही खरं. महाग तर आहेतच.

पण सुपरमॅन वाढतो तो केंट नवराबायकोच्या घरी, १९६२ चा स्पायडरमॅन काका-काकूंकडे, बॅटमॅन बटलरच्या हाताखाली. सगळी दुसऱ्यांनी वाढवलेली पोरं. आपल्याला हे नवं आहे का? आईबाप गेलेली आळंदीची ती चार भावंडं. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानोबांना 'ताटी उघडा' म्हणून विनवणारी मुक्ताई तरी केवढी होती? तिला आपण डोक्यावर घेतो, घ्यायलाच हवं. आणि आमच्या घरचं बंद दार ज्या पुस्तकाने उघडलं, ते दोन बोटांत धरायचं?

मॅडमचाही राग किती करू. वर्गात साठ मुलं, कुणाच्या पुस्तकात काय आहे हे त्यांना कसं कळणार? एकदा उघडून बघायचं होतं, एवढंच.

कारण गाण्याचा तो कागद याच पुस्तकात होता. रिक्षात बसल्या बसल्या भाचीने पानं उलटली. मग पुस्तक उलटं धरून झटकलं. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक पान. तीन हात नाक्यापर्यंत ती काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "पडला असेल कुठेतरी."

मी खण बघून येते म्हटलं, तर नको म्हणाली.

आता साडेनऊ वाजलेत. आई नऊला झोपते, पण आज जागी राहिली आहे. फोन स्पीकरवर आहे, भाची वही घेऊन बसली आहे. पहिलं कडवं झालं.