आधी तवा

माझ्याकडे सोळा वर्षं निकॉनचा कॅमेरा आहे. त्याच्या लांबचं टिपणाऱ्या लेन्सचं, ७०-२०० एफ २.८चं, धूड एकटंच दीड किलो भरतं. ऐरोलीच्या खाडीत होडीतून फ्लेमिंगो टिपायचे तर ते लागतंच. पण डोंबिवलीच्या लोकलमध्ये ते पोटाशी धरून उभं राहिलं की लोक गरोदर बाईकडे बघावं तसं बघतात, फक्त जागा देत नाहीत.

गेल्या मे महिन्यात उजवा खांदा वर जाईना. फिजिओथेरपिस्टबाईंनी विचारलं, "कामावर ओझी उचलता का?" म्हटलं, बँकेत आहे. "मग उचलता काय?" मी सांगितलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

तेव्हा ठरलं. पक्ष्यांपुरता निकॉन ठेवायचा आणि माणसांसाठी, बारशी-मुंजींसाठी, एक हलकंफुलकं दुसरं बिऱ्हाड थाटायचं. ओळखीतून फुजीची एक वापरलेली बॉडी, म्हणजे बिनलेन्सचा कॅमेरा, मिळाली, ४०० ग्रॅमच्याही आत. देणाऱ्याकडे लेन्स नव्हती. मी म्हटलं, लेन्स काय, चार दिवसांत घेऊ.

ही गोष्ट जूनची. मग पाऊस आला, गणपती बसले, उठले. भाचीच्या मुलाचं बारसं झालं. त्याचे फोटो मी फोनवर काढले. बिनलेन्सचा कॅमेरा आईच्या पापडाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत पडून होता, कारण आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते तशीच काचांनाही येते. तीन महिन्यांत त्या कॅमेऱ्याने मी एकही फोटो काढला नाही, पण सिलिका जेलचे निळे मणी तीनदा गुलाबी झाले. ते तापवून पुन्हा निळे करता येतात. मी गॅसजवळ गेलो की आई तवा उचलून हातात धरायची. "माझ्या तव्यावर नाही."

पहिला मोह झाला तो अ‍ॅडॅप्टरचा. निकॉनच्या जुन्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, चित्र टिपणारा सेन्सर ४६.५ मिलिमीटर आत असतो, फुजीत १७.७. मधल्या २८.८ मिलिमीटरची एक पोकळ नळी घातली की माझी सगळी जुनी लेकरं नव्या घरात नांदणार! नवी लेन्सच नको! मित्राची नळी आणली, धूड बसवलं. तर कॅमेरा लेन्सला लावलाय की लेन्स कॅमेऱ्याला, हेच कळेना. माझ्या लेन्सला अ‍ॅपर्चरची कडी नाही, त्यामुळे उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची उघडझाप नळीवरच्या कडीने अंदाजपंचे करायची. फोकस हाताने. वीज न मिळाल्याने थरथर थांबवणारी यंत्रणाही गप्प. खांदा वाचवण्यासाठी घेतलेल्या कॅमेऱ्याने आता मनगटही धरलं.

म्हणजे नवीच घ्यायची. पण कुठली? इथून पुढे माणसाचं वाटोळं होतं. लेन्सवर मिलिमीटरचा आकडा असतो: लहान आकड्यात जास्त परिसर मावतो, मोठ्यात लांबचं जवळ येतं. त्यात फुजीचा सेन्सर लहान, त्यामुळे मोठ्या सेन्सरच्या हिशेबाने बघायचं तर प्रत्येक आकड्याला दीडने गुणायचं. २३ म्हणजे साडेचौतीस, ३५ म्हणजे साडेबावन्न. बँकेत लोकांच्या मुदतठेवींचं व्याज काढतानाही मी इतके गुणाकार करत नाही. आमच्या ८.१४ च्या लोकलच्या ग्रुपमध्ये दोन छायाचित्रकार आहेत. एक २३ चा भक्त, दुसरा ३५ चा. दोघांचे तसे एकमेकांशी घरोब्याचे संबंध, पण मी विषय काढला आणि मुंब्र्यापर्यंत त्यांनी एकमेकांच्या कुळाचा उद्धार केला. "२३ ने माणसाचं नाक बटाट्यासारखं येतं." "३५ ने घरात फोटो काढायला शेजाऱ्याची भिंत पाडावी लागते." दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत.

मग वाटलं, लोकांना कशाला विचारायचं, आपण काय काढतो तेच बघू. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती मिलिमीटरवर काढला ते लिहिलेलं असतं. दोन रविवार घालवून मी पाच वर्षांचे, माणसांचे तेवढे फोटो चाळले. बहुतेक सगळे २००वर. म्हणजे पाच वर्षं मी प्रत्येक लग्नात मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून, आपल्याच नातेवाइकांना ते फ्लेमिंगो असल्यासारखे टिपत होतो. सगळे बेसावध. बरेचसे जेवताना. मामेभावाच्या पन्नाशीचा एक फोटो आहे, त्यात त्याच्या मिशीवरचं श्रीखंड मोजता येतं. या माणसाशी त्या दिवशी मी एक शब्दही बोललो नव्हतो.

ते बघून जरा गप्पच झालो. पण असल्या आत्मशोधाने लेन्स ठरत नाही. उलट शंका वाढल्या. एफपुढचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. एफ २ घ्यावी तर ती पावसाच्या शिंतोड्यांना दाद देत नाही, पण माझी बॉडी देते. म्हणजे पायात गमबूट आणि अंगात मलमल. एफ १.४ घ्यावी तर उजेड दुप्पट, पैसेही चढे. झूम घ्यावा तर सगळंच येतं, पण मग खांदेदुखीचा पहिला हप्ता तिथेच भरला. शिवाय लेन्सच्या तोंडावर लावायचे माझे जुने फिल्टर ७७ मिलिमीटरचे आणि एफ २ चं तोंड ४३ चं. पातेल्याचं झाकण वाटीवर.

त्यातच २७ ची एक लेन्स सापडली. बिस्किटाएवढी जाड, वजन ७८ ग्रॅम. "हिला पॅनकेक म्हणतात," मी आईला कौतुकाने सांगितलं.

"म्हणजे धिरडं."

"तसंच."

"धिरडं कशावर करतोस?"

मी थांबलो. आईने पोळी उलटली. "लालबागहून इथे आलो तेव्हा एक स्टोव्ह होता आणि हातात नव्वद रुपये. तुझे बाबा म्हणाले, इडलीपात्र बघ काय छान आहे. मी आधी तवा घेतला. घरात रोज काय होतं ते बघावं. तुझ्याकडे रोज कोण असतं?"

रोज समोर कोण असतं? ती. गॅस. ओटा. हात लांब केला तर तवा. पाच वर्षांचे फोटो चाळण्याआधी हिलाच विचारलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

शनिवारी सीएसएमटीला उतरून बोरा बाजारात गेलो आणि २३ एफ २ घेतली. १८० ग्रॅम. दुकानदार ३५ ही दाखवत होता. मी मान वळवली. घरी येऊन बसवायला गेलो तर बसेना. निकॉनची लेन्स समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरवून बसते, फुजीची सुलट, आणि सोळा वर्षांच्या हाताला हे मान्य नव्हतं. दहा मिनिटांनी खट् झालं. दुसऱ्या बिऱ्हाडाचं दार लागलं.

आई धिरडी घालत होती. मी पुढे झालो, डोळा लावला.

"तोंडात शिरतोस की काय? लांब हो."

एक पाऊल मागे आलो. "अजून." पाठ फ्रिजला लागली. "अजून, वाफ आहे." मी गॅलरीत गेलो. तिथून आई दिसली, धिरडं दिसलं, शिवाय दोरीवरचे माझे बनियन, पापडाचा डबा आणि शेजारच्यांची तुळसही दिसली.

"इथून ३५ बरी होती," मी पुटपुटलो.

"काय म्हणालास?"

"काही नाही. चटणी आहे का?"