‘तुमच्याकडचीच गोष्ट’

माझ्या पुण्याच्या मावसबहिणीने गेल्या महिन्यात ‘थर्टीन’ हा 2003 सालचा चित्रपट पाहिला आणि रात्री उशिरा मला निरोप धाडला, ‘अगं, ही तर तुमच्याकडचीच गोष्ट!’ पत्ता म्हणून पाहिले तर तिचे खरेच होते. मी लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत एकवीस वर्षे राहते आणि चित्रपटातल्या ट्रेसीने जिथे एका बाईचे पाकीट चोरले तो मेलरोज अॅव्हेन्यू माझ्या पायाखालचा आहे. परंतु बहिणीच्या मनातले ‘तुमच्याकडची’ हे पत्त्यापुरते नव्हते. घटस्फोट, आईचा मित्र घरात राहणे, तेरा वर्षांच्या मुलीने जीभ टोचून घेणे, नशा करणे, हे सारे तिकडचे. आपल्याकडे घर शाबूत आहे, आजी-आजोबा आहेत, म्हणून आपल्या मुली वाचतात, असा तिच्या म्हणण्याचा अर्थ होता. दिवाळीत भारतात गेले की हा वाद दरवर्षी फराळाच्या ताटासोबत समोर येतोच.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात अशी. सातवीतली ट्रेसी हुशार आहे, कविता करते. वर्गातल्या लोकप्रिय ईवीच्या मैत्रीसाठी ती चार महिन्यांत चोरी, नशा आणि खोटे बोलणे इथवर पोहोचते. आई मेलनी दारू सोडलेली, नवऱ्यापासून विभक्त झालेली बाई. घरातच लोकांचे केस कापून संसार चालवते. या साऱ्या काळात ट्रेसी स्वतःला इजा करून घेते आणि ते बाहीखाली झाकते.

आपल्याकडच्या चर्चेत अशा वेळी पहिला आरोप ठरलेला असतो : आई नोकरीपायी बाहेर होती, लक्ष नव्हते. मेलनीला तो लागू पडत नाही, आणि मला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच. ती घरातच असते. मुलीवर जीव टाकते, तिला जवळ घेते, तिच्या मैत्रिणीलाही पोटच्या पोरीसारखी घरात ठेवून घेते. मुलीने लिहिलेली कविता ती ऐकते, आणि तिला भीती वाटते. पण ती भीती धरून पुढे काही विचारण्याआधीच घरात दुसरे काहीतरी उपटते. वडिलांची गोष्ट निराळी. ते येतात तेव्हा फोन हातात असतो आणि नेमके बिघडले काय, ते कोणीतरी थोडक्यात सांगा, असा त्यांचा आग्रह असतो. आमच्या कौटुंबिक व्हॉट्सअॅप गटावरील बहुतेक पुरुषांचा सूर यापेक्षा वेगळा नसतो, हे जाता जाता नोंदवते.

दुसरा आरोप संगतीचा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि परदेशात आलेल्या मराठी कुटुंबांनी ती अधिकच घट्ट धरली. आमच्या रविवारच्या मराठी शाळेबाहेर मोटारींपाशी उभ्या असलेल्या आया ‘त्यांच्या’ मुलींबद्दल जे बोलतात, तेच पुण्यातल्या आया ‘तुमच्याकडच्या’ मुलींबद्दल बोलतात. चित्रपटाच्या अखेरीस ईवीला सांभाळणारी बाई ट्रेसीच्या घरी येते आणि मेलनीला ठणकावते की तुझ्या मुलीनेच माझ्या मुलीला बिघडवले. प्रेक्षकाने तोवर नेमके उलटे पाहिलेले असते. त्याच प्रसंगात सगळ्यांदेखत ट्रेसीची बाही वर सरकवली जाते आणि आईला पहिल्यांदा कळते. ईवीने ट्रेसीला पुष्कळ काही शिकवले, पण बाहीखाली जे होते ते तिने शिकवलेले नव्हते. ढवळ्या-पवळ्याचा हिशेब तिथे संपतो.

या चित्रपटाच्या जन्माची हकिकत मला कथेइतकीच बोलकी वाटते. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविक यांचा हा पहिलाच चित्रपट. त्याआधी त्या चित्रपटांचे कलादिग्दर्शन करीत. निकी रीड ही त्यांच्या पूर्वीच्या मित्राची मुलगी. ती तेरा वर्षांची असताना त्यांना तिच्यातला बदल जाणवला, आणि दोघींनी मिळून सुट्टीत सहा दिवसांत पटकथा लिहिली. निकीने पडद्यावर भूमिका केली ती मात्र ट्रेसीची नव्हे, ईवीची. म्हणजे जिच्या आयुष्यावरून गोष्ट उभी राहिली, तिनेच ‘वाईट संगत’ साकारली. हार्डविक यांना त्या वर्षीच्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, आईची भूमिका करणाऱ्या हॉली हंटर यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. मला मात्र ते सहा दिवस अधिक मोलाचे वाटतात. एका मुलीने आईला न सांगितलेले एका मोठ्या बाईला सांगितले, आणि त्या बाईने ते ऐकून लगेच निवाडा केला नाही.

माझी बहीण इथे म्हणेल की हेच तर एकत्र कुटुंबात होते. मावशी असते, आत्या असते. असते, पण आपल्या घरातली मावशी ऐकलेले संध्याकाळपर्यंत आईच्या कानावर घालते, आणि आई रात्री ‘चार लोक काय म्हणतील’ इथून सुरुवात करते. हे मी कोणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही; मी स्वतः तशीच आहे, हे मला काही वर्षांपूर्वी कळले. सप्टेंबरात व्हॅलीत पारा चाळिशीच्या वर गेला होता आणि माझ्या लेकीची एक मैत्रीण रोज लांब बाह्यांचा जाड सदरा घालून येत होती. लेकीने ते हेरले आणि शाळेच्या समुपदेशक बाईंना सांगितले. मला ते दोन महिन्यांनी कळले. मला का नाही सांगितलेस, असे विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘तू लगेच तिच्या आईला फोन केला असतास.’ मी केलाच असता. समुपदेशक बाईंनीही आईवडिलांना कळवलेच, पण आधी त्या मुलीजवळ बसून, आपण घरी काय सांगणार आहोत ते तिला सांगून. एवढ्या फरकाने ती मुलगी पुढेही त्यांच्याकडे जात राहिली.

यावरून ‘आमच्याकडे’ सारे उत्तम आहे असे भासवणे खोटेपणाचे होईल. एका समुपदेशकामागे 250 विद्यार्थी असावेत अशी अमेरिकेतील त्यांच्या संघटनेची शिफारस आहे आणि बहुसंख्य राज्यांत ती पाळली जात नाही. दुसरीकडे भारतात 2022 पासून मानसिक आरोग्यासाठी ‘टेली-मानस’ची 14416 ही मदतवाहिनी आहे, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा असे सांगितले. प्रश्न नेमणुकीनंतरचा आहे. त्या बाईंची खोली शिक्षकांच्या खोलीला लागून असेल आणि मुलीने सांगितलेले मधल्या सुट्टीत चहासोबत चर्चिले जाणार असेल, तर मुली तिथे फिरकणार नाहीत.

चित्रपटांना वयानुसार मिळणाऱ्या प्रमाणपत्राच्या नियमातही मला मुलीजवळ बसण्या-न बसण्याचा हाच फरक दिसतो. ‘थर्टीन’ला अमेरिकेत ‘आर’ प्रमाणपत्र मिळाले. म्हणजे सतरा वर्षांखालील मुलाला आई-वडिलांसोबत किंवा पालकासोबतच चित्रपटगृहात प्रवेश. चित्रपट लागला तेव्हा निकी पंधरा वर्षांची होती, म्हणजे स्वतः लिहिलेला चित्रपट पाहायलाही तिला मोठे माणूस बरोबर न्यावे लागले असते. भारतात ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठराखालच्या मुलीला आईसोबतही जाता येत नाही. आई-मुलीच्या तुटलेपणावरील चित्रपट दोघींनी शेजारी बसून पाहायचा नाही, असा त्याचा अर्थ होतो. पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या ‘यूए’ चित्रपटांचे वयाप्रमाणे सात, तेरा आणि सोळा असे टप्पे अलीकडे केले, ते योग्यच झाले, ‘ए’च्या दारात मात्र आईचा निर्णय अजून चालत नाही.

हे सगळे मी बहिणीला फोनवर सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. आम्ही दोघी साताऱ्याला एकाच शाळेत होतो. मग ती एकदम म्हणाली, ‘आपल्या शिवणाच्या बाई आठवतात का?’ आठवतात. मधल्या सुट्टीत त्यांच्या खोलीत नेहमी दोन-तीन मुली असत, मशीन चालू ठेवून बाई खाली मान घालून ऐकत, आणि त्या मशीनच्या आवाजात बाहेर कोणाला काही ऐकू जात नसे. बहीण आठवीचे अख्खे वर्ष तिथे जात होती. ‘आईला वाटायचे, मला शिवणाची केवढी आवड,’ ती म्हणाली. ‘मला अजून साधे काजेसुद्धा करता येत नाही.’