‘नावात डिजिटल आणि हातात कागद’: दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत त्याबद्दल तक्रार नाही. निदान कारणं तरी लिहिलीत. नुसते स्टार टाकून जातात त्यांना उत्तर काय द्यायचं तेच कळत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलांना गोष्टी करायला शिकवणाऱ्या आमच्या क्लासच्या नावात ‘डिजिटल गोष्टी’ आहे आणि सुरुवातीला मुलांच्या हातात कागद-पेन्सिल. मग टॅब आले ते जुने, आणि त्यात ‘मांजराचं फुकटचं अ‍ॅप’. कॅनव्हासारखं डिझाइनचं अ‍ॅप नाही, एआय नाही. शेवटी मिळाला मिनिटभराचा व्हिडिओ, त्यातही मागं रिक्षाचा हॉर्न. ओळखीतल्या एका क्लासची मुलं म्हणे अ‍ॅनिमेशन फिल्म करून यूट्यूबवर टाकतात. आणि अ‍ॅप फुकट असेल तर फी कशाची?

तुमच्या मुलाबद्दल इथं काही लिहिणार नाही. त्याचा वर्ग, त्याची गोष्ट सगळ्या कोल्हापूरनं वाचायचं कारण नाही. बाकीचं मात्र सगळ्यांसमोरच बोलते, कारण हेच प्रश्न दर बॅचला कुणीतरी दारात चप्पल घालता घालता विचारतंच.

कागदाचं आधी. एक कोरा कागद दोनदा दुमडला की चार खण होतात. स्क्रॅच ज्युनिअरमध्ये, म्हणजे तुमच्या त्या मांजराच्या अ‍ॅपमध्ये, एका प्रोजेक्टला जास्तीत जास्त चारच पानं मिळतात. मूल कागदावर जे चार खण भरतं तीच त्याची उद्याची चार दृश्यं. कोण आहे आणि कुठं आहे, मग काय बिघडलं, मग त्यानं काय केलं, मग काय झालं. हे खण न भरता टॅब हातात दिला तर काय होतं तेही आम्ही बघितलंय. ड्रॅगन, घोडा, परी, अंतराळवीर, दिसेल ते मूल पडद्यावर टाकत सुटतं. तास संपतो तेव्हा पडद्यावर गर्दी असते, गोष्ट नसते. आपल्या गावाला ही पद्धत नवी नाही. बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढल्यावरही पात्रांचे पोशाख, हालचाली आधी कागदावर रेखाटायचे आणि मग कॅमेऱ्याकडं वळायचे. कॅमेरासुद्धा त्यांनी कोल्हापुरातच घडवला होता, म्हणजे यंत्राचं त्यांना वावडं होतं असं नाही.

कागदाचं दुसरं कारण डोळ्यांचं. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं 2021 मध्ये पडद्याच्या वेळेबद्दल जे सांगितलं, त्यात 5 ते 10 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला दोन तासांच्या आतच आहे. घरी टीव्ही, गाडीत मोबाइल, आजीकडं गेलं की परत मोबाइल. त्यातनं उरलेलं सगळं आमच्याच क्लासनं खायचं का?

आता मांजराचं अ‍ॅप. ते फुकट आहे म्हणून आम्ही घेतलेलं नाही. अमेरिकेतलं टफ्ट्स विद्यापीठ, एमआयटी मीडिया लॅब आणि प्लेफुल इन्व्हेन्शन कंपनी यांनी मिळून ते 5 ते 7 वर्षांच्या मुलांसाठी केलं, आणि 2014 साली आधी आयपॅडवर आलं. पात्रानं काय करायचं ते त्यात ठोकळे जोडून सांगायचं, आणि त्या ठोकळ्यांवर शब्दच नाहीत, नुसती चित्रं. बाण उजवीकडं, पात्र उजवीकडं. पहिलीतल्या मुलाला अजून जोडाक्षरं येत नसतात आणि इंग्लिश मीडियमच्या मुलाचंही स्पेलिंग तितपतच असतं, तिथं हे कामाला येतं. खातं उघडावं लागत नाही, ईमेल लागत नाही. नेट गेलं तरी चालतं, आणि राजारामपुरीत पावसाळ्यात ते किती वेळा जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. मुख्य म्हणजे मायक्रोफोनच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं की मुलाचा स्वतःचा आवाज जातो आणि रंगाचा ब्रश घेतला की स्वतःचं चित्र. टॅब जुने आहेत, खरं आहे. एवढ्या कामाला पुरतात.

आमची कसोटी एकच आहे. मूल ते साधन मोठ्या माणसाला हाक न मारता चालवू शकतं का? चुकलं तर आपलं आपण दुरुस्त करू शकतं का? कॅनव्हा मी स्वतः वापरते, क्लासचं पत्रक त्यातच केलंय. पण त्यात सगळं इतकं सुबक तयार मिळतं की सात वर्षांच्या मुलाला फक्त रिकाम्या जागा भरायचं काम उरतं. मेन्यू सगळे शब्दांचे, म्हणून दर मिनिटाला ‘बाई, आता कुठं दाबू?’ शेवटी हात बाईंचे आणि नाव मुलाचं. असं काम दिसायला झकास दिसतं, आई-बाबा खूश होतात, फी वाढवता येते. मला ते करायचं नाही.

एआयचं तर चॅटजीपीटीच्या अटींतच किमान वय 13 दिलंय आणि आमची मुलं सहा ते दहा वर्षांची. पण कुणी लहानांसाठी वेगळं काढलं तरी पहिली-दुसरीच्या बॅचला मी ते लावणार नाही. का, ते एका मुलाच्या गोष्टीवरनं सांगते. त्याच्या घरच्यांना विचारून लिहितेय.

गोष्ट गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या, म्हणजे जिथं लोक म्हशीचं ताजं दूध प्यायला येतात तिथल्या, म्हशीची. ती रुसलीय, दूध द्यायचं नाही म्हणते, कारण पेले भरभरून सगळे पितात आणि तिला कुणी विचारत नाही. चित्रसंचात म्हैस सापडेना, तेव्हा त्यानं ती स्वतः काढली. शेपूट जमिनीला टेकलेलं, त्यामुळं बघणाऱ्याला पाच पाय वाटतात. दुसऱ्या पानावर तिला रंकाळा तलावावर पाठवायचं होतं म्हणून त्यानं निळे बाण एकामागं एक जोडले आणि हिरवा झेंडा दाबला. आता या अ‍ॅपमध्ये पात्र उजव्या कडेनं बाहेर गेलं की डावीकडनं परत आत येतं. म्हैस गेली आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा कट्ट्यावर हजर. दुसरं मूल असतं तर ‘बिघडलं’ म्हणून रडलं असतं. हा थोडा वेळ बघत राहिला, मग मायक्रोफोनचा ठोकळा ओढला आणि बोलला, ‘रंकाळ्याला वळसा घालून आली. तिथं पण कोन इचारंना.’ तिसरं-चौथं पान मग सगळंच बदललं. कागदावर ती रंकाळ्यात डुंबत राहणार होती. टॅबवर ती परत आली आणि गवळ्यानं तिला पहिला पेला दिला.

एआयला सांगितलं असतं तर म्हैस चार पायांची, चकचकीत आणि एका झटक्यात रंकाळ्यात पोहोचली असती. तो वळसा कुणी घातला असता?

आणि त्याचं ते ‘इचारंना’ मी पुसून ‘विचारत नाही’ करून घेतलं नाही, करणारही नाही. मुलं कोल्हापुरात वाढतात, तशीच बोलतात. कुणाला इंग्लिशमध्ये बोलायचं असेल त्यानं इंग्लिशमध्ये बोलावं, आमची ना नाही.

सगळ्यांना हेच एक अ‍ॅप देतो असंही नाही. पहिलीच्या मुलांना सुरुवातीला चॅटरपिक्स किड्स देतो. कुठल्याही वस्तूचा फोटो काढायचा, त्यावर बोटानं तोंडाची रेघ ओढायची आणि तीस सेकंदांपर्यंत बोलायचं, की ती वस्तू बोलते. एका मुलीनं बाबांच्या कोल्हापुरी चपलेला बोलतं केलं. पहिल्या खेपेला चप्पल आपण कशी करकर वाजतो तेच सांगत बसली आणि वेळ संपला. दुसऱ्यांदा तिनं करकर एकदाच ठेवली आणि लगेच ‘मला देवळाबाहेर काढून ठेवलं आणि दुसराच माणूस घालून गेला’ इथं आली. कुठलं कापायचं हे तिला कुणी शिकवलं नाही, वेळेनं शिकवलं. तिसरी-चौथीला लिहिता यायला लागतं, मग बुक क्रिएटर. त्यात पानं, चित्रं, आवाज आणि मजकूर सगळं एकत्र बसतं, आणि मुलांची पुस्तकं बाईंच्या खात्यातल्या लायब्ररीत राहतात, मुलांना वेगळा ईमेल लागत नाही. वाचायला प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर आहे. 2015 पासून चालू आहे, मराठी गोष्टी पातळीप्रमाणं लावलेल्या आहेत आणि मुक्त परवान्यामुळं छापून घरी दिल्या तरी चालतात. मुलाच्या दप्तरातली जी पानं तुम्हाला जाहिरात वाटली ती तिथलीच. क्लासची जाहिरात नव्हती ती.

व्हिडिओबद्दल. स्क्रॅच ज्युनिअर व्हिडिओ काढून देत नाही. प्रोजेक्टची फाइल देतं आणि ती उघडायला समोरच्याकडंही अ‍ॅप लागतं. घरोघरी व्हॉट्सअ‍ॅपवर बघता यावं म्हणून आम्ही टॅबचा पडदा रेकॉर्ड करून पाठवतो, त्यामुळं तो सिनेमासारखा दिसत नाही. रिक्षाचा हॉर्न मात्र खरा आहे, आमच्या गल्लीतला. आवाज मुलं स्वतः खिडकीपाशी उभं राहून भरतात, कारण आतल्या खोलीत बाकीच्यांचा दंगा त्याहून मोठा असतो. हॉर्न काढून टाकणारी सॉफ्टवेअर आहेत माझ्याकडं. मुलाला स्वतःला तो नको असेल तर ते पुन्हा बोलतं. बहुतेकांना तो आवडतो.

यूट्यूबवर आम्ही काहीच टाकत नाही आणि टाकणारही नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितलीय. एका व्हिडिओत तीन मुलांचे आवाज असतात. दोघांच्या घरून हो आलं आणि तिसऱ्याच्या घरून नाही आलं, तर? तुमच्या मुलाची गोष्ट तुम्ही तुमच्या चॅनेलवर टाका, ती तुमच्या घरची बाब. त्या दुसऱ्या क्लासबद्दल मी वाईट बोलणार नाही, तिथं काय चालतं ते मी बघितलेलं नाही. तिथल्या फिल्मचं कौतुक करताना मुलाला एवढंच विचारा, ‘यातलं तू काय केलंस?’

फीचं आता. खडू फुकट मिळाला म्हणून बाईंचा पगार वाचत नाही, सर. आठ मुलांमागं आम्ही दोघी असतो. एकजण टॅबपाशी, दुसरी गोष्ट ऐकायला. ही दुसरी काय करते, तर मुलाला ‘मग?’ एवढंच विचारत बसते. दिसायला रिकामी बसल्यासारखी दिसते, तुम्हालाही तशी दिसली असेल. पण तिला काढून टाकलं की चार खणांपैकी दुसरा खण रिकामाच राहतो, काय बिघडलं तेच मूल सांगत नाही. फी तिची आहे, जागेच्या भाड्याची आहे आणि टॅब पडून फुटतात त्यांची आहे.

तुम्हाला व्हिडिओ एडिटिंग, थंबनेल, चॅनेल असं शिकवणारं हवं असेल तर आमचा क्लास त्यासाठी नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळी दिलेल्या कागदावर छापलेलं आहे. उरलेल्या तासांची फी त्याच कागदातल्या नियमाप्रमाणं परत मिळेल. शनिवार सोडून कुठल्याही दिवशी पाचनंतर या. शनिवारी बॅच असते, बोलायला होत नाही. रिव्ह्यू काढून टाका असं मी म्हणत नाही, आहे तसा राहू दे.

येताना तुमचा टॅब आणा आणि त्यात स्क्रॅच ज्युनिअर आधीच उतरवून ठेवा. मुलाची मूळ फाइल आमच्या टॅबवर आहे ती त्यात देते, म्हणजे घरी त्याला ती बदलता येईल. पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी आम्ही टॅब रिकामे करतो, तेव्हा त्याआधी या.

संचालिका
राजारामपुरी, कोल्हापूर